आधी कोणी बोलायचे? डेटा लिंकची मानके आणि तारापूरचा करार

१/२५
विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीला पालघर, उमरोळी, बोईसर ही स्थानके ओळीने लागतात. बोईसरच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिच्यापलीकडे समुद्रकाठी देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. या टापूचा इतिहास सांगताना रेल्वे, अणुवीज आणि कारखाने या तिन्हींचा उल्लेख हमखास येतो. एक गोष्ट मात्र क्वचितच येते : दोन टोकांना जोडणाऱ्या दुव्याचे नियम कोणी लिहिले आणि त्या नियमांनी कोणाला आधी बोलू दिले. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/२५
इतिहासाचे विद्यार्थी तह, सनदा आणि फर्माने बारकाईने वाचतात. तांत्रिक मानक समोर आले की ते अभियंत्यांचे काम म्हणून बाजूला ठेवतात. ही सवय मोडली पाहिजे. डेटा लिंकचे मानक हा दोन पक्षांमधला लेखी करारच असतो. त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला : बोलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? दुसरा : समोरचे टोक बदलण्याची मुभा आहे का? तारापूरच्या अणुकराराची परीक्षाही याच दोन प्रश्नांनी होते, आणि म्हणून पालघर जिल्ह्यातून हा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो.

३/२५
प्रथम डेटा लिंक म्हणजे काय ते पाहू. दोन यंत्रांमध्ये एक तार आहे असे समजावे. तारेतून विजेच्या खुणा पोहोचतात. पण तेवढ्याने संदेश पोहोचत नाही. संदेश कोठे सुरू झाला आणि कोठे संपला? वाटेत तो बिघडला का? घेणारा घेण्यास तयार आहे का? हरवलेला भाग पुन्हा कसा मागवायचा? या चार प्रश्नांची उत्तरे जो नियमसंच देतो, तो डेटा लिंकचा प्रोटोकॉल. संगणकांच्या आधी हेच प्रश्न रेल्वेने सोडवले होते.

४/२५
बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. पालघर आणि बोईसर याच मार्गावरची स्थानके. भारतीय रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीचा मूळ नियम साधा आहे : पुढच्या ब्लॉक स्थानकाने परवानगी दिल्याखेरीज गाडी सोडायची नाही. दोन स्थानकांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. परवानगी मागण्याची आणि देण्याची रीत घंटीच्या ठोक्यांनी ठरवलेली असते.

५/२५
दुपदरी मार्गावरच्या ठोक्यांची भाषा अशी. एक ठोका लक्ष वेधण्यासाठी. दोन ठोके म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का?’ तीन म्हणजे गाडी विभागात शिरली. चार म्हणजे गाडी विभागाबाहेर पडली. पलीकडचा स्टेशनमास्तर तेच ठोके परत वाजवून पोच देतो. नुसता होकार पुरत नाही. जे ऐकले तेच उलट ऐकवावे लागते. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तेथेच उघडी पडते. तारेवरच्या संदेशाची पोच आणि चुकीची तपासणी अशी दोन्ही कामे एकाच कृतीत होतात.

६/२५
या रीतीत अधिकाराची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. गाडी सोडणारा विचारतो आणि घेणारा परवानगी देतो. पालघरकडून बोईसरच्या दिशेस जाणाऱ्या गाडीसाठी पुढचे स्थानक परवानगी देते. उलट दिशेच्या गाडीसाठी हीच भूमिका मागच्या स्थानकाकडे येते. लहान स्थानकही मोठ्या स्थानकाला ‘थांबा’ म्हणू शकते. पुढे सिग्नलांची यंत्रे बदलली, स्वयंचलित झाली, पण एका तुकड्यात एक गाडी हे तत्त्व राहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे समाधानकारक मिळते : बोलण्याचा अधिकार दोन्ही टोकांना आहे.

७/२५
आता संगणकांकडे वळू. १९६७ मध्ये आयबीएमने बायसिंक नावाचा प्रोटोकॉल आणला. त्यात संदेशाचा आरंभ आणि शेवट ठरावीक अक्षरखुणांनी दाखवत. अडचण अशी की तीच खूण संदेशाच्या मजकुरात आली तर घेणारे यंत्र फसे आणि संदेश अर्ध्यावर संपला असे मानी. ती टाळण्यासाठी मजकुरात आणखी एक खूण घालावी लागे. शिवाय सगळी रचना अक्षरांच्या ठरावीक संचाला बांधलेली होती.

८/२५
१९७० च्या दशकाच्या मध्यास आयबीएमनेच यावर तोड काढली. तिचे नाव एसडीएलसी. यात अक्षरांऐवजी सुट्या बिटांचा विचार होता. प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण, म्हणजे सलग सहा एक. मजकुरात ही खूण चुकूनही येऊ नये म्हणून पाठवणारा सलग पाच एक दिसताच त्यामागे एक शून्य घालतो आणि घेणारा ते शून्य काढून टाकतो. त्यामुळे मजकुरात सहा एक सलग येऊच शकत नाहीत. मजकूर मराठी असो, आकडे असोत की चित्र, नियम तोच राहतो.

९/२५
वाटेतला बिघाड ओळखण्यासाठी फ्रेमच्या शेवटी १६ बिटांचा तपासणी-अंक जोडतात. कल्पना शाळेतल्या भागाकाराची आहे. सगळा संदेश एक मोठी संख्या मानून ठरलेल्या भाजकाने भागावा आणि बाकी सोबत पाठवावी. घेणाऱ्याने तोच भागाकार करून बाकी ताडून पाहावी. हा भागाकार नेहमीच्या गणितातला नसून बिटांच्या बहुपदींचा असतो, पण तत्त्व तेच. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी १९६१ मध्ये या चक्रीय संकेतांची मांडणी केली. सलग १६ बिटांपर्यंतचा कोणताही बिघाड या तपासणीतून सुटत नाही.

१०/२५
तिसरी सोय क्रमांकांची. प्रत्येक फ्रेमला ० ते ७ असा फिरता क्रमांक मिळतो. घेणारे यंत्र तीन प्रकारे उत्तर देऊ शकते : ‘अमुक क्रमांकापर्यंत मिळाले, पुढचे पाठवा’, ‘मिळाले, पण आता थांबा’, किंवा ‘अमुक क्रमांकापासून पुन्हा पाठवा’. ब्लॉक पद्धतीशी याचे नाते उघड आहे. घेणाऱ्याच्या तयारीवाचून पाठवणाऱ्याने पुढे रेटू नये, हा शहाणपणा दोन्हींत आहे. येथवर तंत्र झाले. इतिहास याच्या पुढच्या कलमात सुरू होतो.

११/२५
एसडीएलसीच्या मानकात दुव्याची दोन टोके समान नाहीत. एक मुख्य स्थानक आणि बाकीची दुय्यम स्थानके. मुख्य स्थानक आज्ञा देते आणि दुय्यम स्थानक उत्तर देते. मुख्य स्थानकाने विचारल्याशिवाय दुय्यम स्थानकाला आपणहून बोलता येत नाही. त्याच्याकडे कितीही तातडीचा मजकूर असला तरी पाळी येईपर्यंत गप्प बसावे लागते. दोन दुय्यम स्थानकांना एकमेकांशी थेट बोलण्याची सोयच नाही.

१२/२५
हा नियम कोणाच्या द्वेषातून आलेला नव्हता. त्या काळच्या संगणकाचा आकार त्यात उतरला होता. मुख्यालयात एक महागडे मोठे यंत्र आणि शाखाशाखांत पडदा व कळफलक एवढेच असलेली टर्मिनले. बुद्धी मध्यभागी असल्यामुळे आवाजही मध्यभागीच. कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची एसएनए ही रचना १९७४ मध्ये जाहीर झाली, तीही या मध्यवर्ती कल्पनेवर उभी होती. सत्तेची रचना आधी असते आणि नियम नंतर तिच्या मापाने बेतला जातो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे वाटू नये.

१३/२५
पुढे एक वळण आले. आयबीएमने आपली रीत मानक-संस्थांपुढे ठेवली आणि त्या संस्थांनी ती आहे तशी स्वीकारली नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, तिचे एचडीएलसी केले. फ्रेमची रचना सांगणारे मानक आयएसओ ३३०९ या क्रमांकाचे; पुढे या मालिकेचे एकत्रीकरण आयएसओ/आयईसी १३२३९ मध्ये झाले, त्याची २००२ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. खूण तीच, शून्य घालण्याची युक्ती तीच, भागाकार तोच. भर पडली ती एका नव्या रीतीची : समतोल रीत. तिच्यात दोन्ही स्थानके समान, दोघांनाही आज्ञा आणि उत्तर या दोहोंचा अधिकार.

१४/२५
समतोल रीत का लागली असावी? देशोदेशींची टपाल व तार खाती आपापली डेटा-जाळी जोडू पाहत होती. त्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, सीसीआयटीटीने, १९७६ मध्ये एक्स. २५ हे मानक काढले आणि लवकरच त्याचा दुवा-स्तर एचडीएलसीच्या समतोल रीतीवर स्थिरावला. जाळे आणि त्याला जोडला जाणारा संगणक यांत एकाने कायम दुय्यम राहावे, ही अट त्या जगात टिकणारी नव्हती. बैठकीला वेगवेगळे पक्ष बसले म्हणून कराराची भाषा बदलली. मालकाने एकट्याने लिहिलेला नियम आणि अनेकांनी मिळून लिहिलेला नियम यांतला हा फरक एका कलमापुरता दिसतो, पण त्याचे परिणाम मोठे आहेत.

१५/२५
आता तारापूर. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी बांधणीचा करार झाला. उकळत्या पाण्याच्या पद्धतीच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते. ते अमेरिकेने पुरवायचे आणि ३० वर्षे भारताने या केंद्रासाठी अमेरिकेकडूनच घ्यायचे, असे करारात होते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारातच लिहिलेले होते : समोरचे टोक बदलण्याची मुभा नाही.

१६/२५
१९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि इंधनाच्या पुरवठ्याला त्यातल्या अटी लागू केल्या. तारापूरचे इंधन अडले. वाद चिघळला आणि अखेर १९८२ मध्ये अमेरिकेच्या संमतीने फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली. त्यानंतर चीनकडून आणि पुढे रशियाकडून इंधन आले. दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्यासाठीही पहिल्याची संमती लागली, हे या प्रकरणातले सर्वांत बोलके वाक्य आहे.

१७/२५
याच आवारात दुसरे उत्तरही उभे आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांत जड पाण्याच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, देशात आखलेल्या भट्ट्या आहेत. त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांना नैसर्गिक युरेनियम चालते. ही शाखाही परदेशी, कॅनडाच्या, रचनेपासून निघालेली होती. १९७४ नंतर कॅनडाने हात काढून घेतला, तरी रचना समजलेली असल्यामुळे काम पुढे नेता आले. एकाच कुंपणात दोन प्रकारचे सांधे आहेत : एक पुरवठादाराच्या मर्जीवर चालणारा, दुसरा समजून घेऊन आपला केलेला.

१८/२५
येथे आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. युरेनियम खाणीतून काढावे लागते. प्रोटोकॉलची प्रत कोणीही काढू शकतो. अणुइंधनावर नियंत्रण ठेवण्यामागे अण्वस्त्रांची भीती आहे, बिटांच्या फ्रेममागे तशी काही नाही. म्हणून दोन्ही गोष्टी सारख्या मानता येणार नाहीत. साम्य फक्त कराराच्या बांधणीत आहे. दुव्याचे एक टोक एकाच पक्षाच्या ताब्यात असेल, तर त्या पक्षाचे धोरण बदलले की दुसऱ्या टोकाचा दिवा मंदावतो. खुले मानक हे याच धोक्याविरुद्धचे संरक्षण आहे, कारण त्यामुळे दुसरा पुरवठादार शक्य होतो.

१९/२५
संगणकांच्या बाबतीत भारताने हा धडा अर्धवटच घेतला. परकीय चलन नियमन कायद्याच्या भागभांडवलाच्या अटींवरून आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसी कंपनीकडे आली. याच सीएमसीने १९८० च्या दशकात इंडोनेट हे जाळे उभारले, आणि ते आयबीएमच्या एसएनए रचनेवर बेतलेले होते. कंपनी गेली, तिचा नियम राहिला. स्वावलंबनाचा विचार मालकीपाशी थांबला; दुव्याच्या व्याकरणापर्यंत तो पोहोचला नाही, असे मत येथे नोंदवावेसे वाटते.

२०/२५
मुंबईतच दुसरी वाट निघाली. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट सुरू केले. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अर्थात मुंबईचे एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः विभाग असे आठ सहभागी होते. १९९२ पर्यंत या संस्था ९.६ किलोबिटांच्या तारांनी जोडल्या गेल्या आणि त्याच वर्षी मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियास ६४ किलोबिटांचा दुवा सुरू झाला. आरंभी अर्नेटने टीसीपी/आयपी आणि आयएसओची ओएसआय अशी दोन्ही मानके चालवली. १९९५ पासून जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली.

२१/२५
टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटची पाकिटे नेण्यासाठी आधी स्लिप नावाची रीत होती. १९८८ च्या आरएफसी १०५५ या तिच्या दस्तऐवजाच्या शीर्षकातच तिला ‘अमानक’ म्हटले आहे. तिच्यात चुकीची तपासणी नव्हती आणि पत्ता ठरवण्याची सोयही नव्हती. जुलै १९९४ मध्ये आरएफसी १६६१ आणि १६६२ यांनी पीपीपीची व्याख्या केली. त्यातली फ्रेम एचडीएलसीच्या धर्तीची : तीच ०११११११० ही खूण, तोच तपासणीचा भागाकार. दोन्ही टोके समान मानलेली; दुवा उघडताना दोघे आपापल्या अटी सांगतात आणि वाटाघाटी करतात. हे दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

२२/२५
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यात दोन प्रकारची खाती होती. शेल खात्यात घरचा संगणक निगमच्या यंत्राचे नुसते टर्मिनल बने. पडद्यावर अक्षरे येत, पण संगणकाला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता नसे. टीसीपी/आयपी खात्यात त्याला पत्ता मिळे आणि तो जाळ्याचा पूर्ण घटक होई. विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त खाते शेल प्रकारचे होते. मुख्य आणि दुय्यम स्थानकांची जुनी विभागणी अशी शुल्कपत्रकातून परत आली. आरंभी सेवा मुंबईसारख्या महानगरांतच होती. बोईसर त्यांत नव्हते.

२३/२५
पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणाऱ्या राष्ट्रीय योजनेला, आताच्या भारतनेटला, २०११ मध्ये मंजुरी मिळाली होती. तिच्यात जीपॉन हे आयटीयूचे तंत्र वापरले गेले आणि त्याची उपकरणे सी-डॉट या सरकारी संस्थेनेही विकसित केली. जीपॉनमध्ये पुन्हा मुख्य-दुय्यम रचना आहे : वरच्या टोकाचे यंत्र वेळ वाटून देते आणि ग्रामपंचायतीतले यंत्र आपल्या वाटणीच्या क्षणीच बोलते. एकच फायबर अनेकांत वाटलेला असल्यामुळे हे भौतिक कारणाने अपरिहार्य आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले की लगेच अन्याय झाला असे समजू नये, कारण विचारावे. येथे दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि मानक खुले असल्यामुळे देशी संस्थेला ते यंत्र बनवता आले.

२४/२५
यापुढचा टप्पा मानक लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी बसण्याचा आहे. ५जीच्या कसोट्या ठरत असताना ग्रामीण भागासाठी मनोऱ्यांमधले अंतर १,७३२ मीटर धरले होते. टीएसडीएसआय या भारतीय मानक-संस्थेच्या आग्रहामुळे २०१७ च्या आयटीयू अहवालात ६ किलोमीटर अंतराची कसोटीही आली. जव्हार-मोखाड्यासारख्या विरळ वस्तीच्या डोंगराळ तालुक्यांची परिस्थिती त्यामुळे निदान प्रश्नपत्रिकेत तरी आली. त्यानंतर ५जीआय हे वेगळे भारतीय मानकही तयार झाले. देशापुरते वेगळे मानक उपकरणे महाग करील, असा आक्षेप दूरसंचार उद्योगाने घेतला आणि शेवटी ते जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन झाले. हा पराभव मानू नये. स्वतःची वेगळी भिंत बांधण्यापेक्षा सामाईक करारात आपले कलम घालणे अधिक टिकाऊ असते. एचडीएलसीच्या समतोल रीतीने १९७० च्या दशकात हेच दाखवले.

२५/२५
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मानकांचे दस्तऐवज वाचावेत. आरएफसी तर सगळ्यांना खुले आहेत. वाचताना हेच दोन प्रश्न जवळ ठेवावेत : बोलण्याचा अधिकार कोणाला, आणि समोरचे टोक बदलता येते का? रेल्वेची कार्यपुस्तके, टेलिफोन खात्याची जुनी शुल्कपत्रके आणि एनसीएसटीसारख्या संस्थांचे अहवाल हीही साधने आहेत. ती रद्दीत जाण्याआधी जपली पाहिजेत. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी तारापूरच्या कराराइतकेच महत्त्व बोईसरच्या स्टेशनमास्तरच्या घंटीलाही द्यावे. त्या घंटीच्या नियमात लहान स्थानकाला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क होता. पुढचे करार लिहिताना तो हक्क कोणत्या कलमात आहे, हे आधी शोधावे.

#इतिहास #पालघर #तारापूर #तंत्रज्ञानाचा_इतिहास